माती, गुडघा आणि पाठ

मराठीत 'गुडघे टेकले' म्हटले की माणूस हरला, शरण गेला, असा अर्थ होतो. हा वाक्प्रचार दरबारात घडला असेल, देवळात घडला असेल, पाटलाच्या वाड्यापुढे घडला असेल. आखाड्यात तो घडलेला नाही. आखाड्याचा कायदा निराळा आहे. तिथे गुडघा मातीला लागला म्हणून कुस्ती थांबत नाही. दोन्ही हात टेकले तरी ती चालू राहते. पालथा पडून माती चाखणारा मल्लदेखील हरलेला नसतो. पाठ मातीला लागली, आस्मान दिसले, की मगच पंच हात वर करतो. गुडघा आणि पाठ यांच्यामधले हे अंतर ज्याला कळले त्याला कुस्ती कळली, असे आमचे वस्ताद म्हणत. मला वाटते, हे अंतर ज्याला कळले त्याला आमच्या समाजाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहासही थोडाफार कळेल.

मी बाभुळगावचा. यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे कपाशीच्या मुलखातले गाव. जवळून बेंबळा नदी वाहते. गावाच्या शिवाराला 'काळी' म्हणतात आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी'. काळीत आमच्या माणसांचा घाम होता, मालकी क्वचितच होती. आणि पांढरीत आमची घरे शेवटच्या टोकाला होती. आखाडा करायचा म्हटला तर काळी माती उपयोगाची नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात अंगाला चिकटते आणि वाळली की दगडासारखी लागते. म्हणून वस्तीतल्या पोरांनी नदीकाठचा गाळ बैलबंडीने आणला, चाळला आणि एका पडक्या भिंतीआड हौदा केला. मोठ्या तालमींत मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवतात. आमच्याकडे ताक पोटालाच पुरत नव्हते, ते मातीला कुठून मिळणार?

या टणक मातीमुळे आमच्या शिकण्याला एक वेगळे वळण लागले. उभ्याने डाव मारला आणि पोरगा उंचावरून पडला तर खांदा निखळायचा. वस्तादांनी म्हणून नव्या पोरांना पहिले काही महिने उभे राहूच दिले नाही. दोघांना समोरासमोर गुडघ्यावर बसवायचे आणि तिथूनच लढवायचे. मनगट पकड, कोपर ढकल, मान खाली ओढ, त्याचे वजन एका गुडघ्यावर आले की त्याच बाजूला त्याला लोळव. गुडघ्यावर बसलेल्या माणसाला पाय मागे घेऊन निसटता येत नाही. तिथे कंबर, मान आणि तोल एवढेच भांडवल असते. अंगात मस्ती असलेला, दूधतुपावर पोसलेला पोरगासुद्धा गुडघ्यावर आला की निम्मा होतो, आणि भाकर-अंबाडीवर वाढलेला पोरगा, डोके शाबूत असेल तर, त्याच्या बरोबरीला येतो.

त्यानंतर पट. पट काढायचा म्हणजे समोरच्याच्या मांड्यांना हात घालून त्याला उचलायचे किंवा पाडायचे. त्यासाठी आधी खाली जावे लागते. पुढचा गुडघा समोरच्याच्या दोन पावलांच्या मध्ये मातीला लागतो. पाठ ताठ, मान वर, कानशील त्याच्या बरगडीला घट्ट. हात त्याच्या गुडघ्यामागे बसले की मागचा पाय फिरवून पुढे आणायचा आणि त्या पायाच्या जोरावर वर यायचे. नवखा पोरगा हमखास मान खाली घालतो. मान खाली गेली की समोरचा आपले पाय मागे टाकतो, छातीचा सगळा भार आपल्या मानेवर देतो आणि मागे फिरून कब्जा घेतो. कलाजंगातही तेच. गुडघा टेकून, डोके त्याच्या काखेखालून घालून त्याला खांद्यावर घ्यायचे. खाली गेल्याशिवाय हे डाव होतच नाहीत. एकदा मी पट मारताना अडकलो आणि लाजून सोडून दिले तेव्हा वस्ताद ओरडले, "अबे पोट्ट्या, गुडघा टेकला म्हून हारला का तू? पाठ लागली का तुही मातीले? मान वर कर!"

'मान वर कर' हे आमच्या वस्तीत केवळ कुस्तीचे वाक्य नव्हते, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

प्रश्न असा आहे की, आम्हाला पडक्या भिंतीआड वेगळा हौदा का करावा लागला? गावात आखाडा नव्हता असे नाही. पण या प्रश्नाचे उत्तर नुसते 'अस्पृश्यता' असे देऊन भागत नाही. अस्पृश्यता प्रत्येक ठिकाणी वेगळ्या रीतीने पाळली जाते आणि ती रीत तपासली पाहिजे. क्रिकेटचे उदाहरण घ्या. पळवंकर बाळू हे चांभार समाजातले महान गोलंदाज. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय संघातून खेळताना त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात सवर्ण खेळाडू त्यांच्यासोबत मैदानावर खेळत; पण चहाच्या वेळी त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात. चेंडू मधल्या मध्ये फिरतो, माणसाला माणूस लागत नाही, म्हणून क्रिकेटमध्ये खेळही चालला आणि विटाळही चालला. कुस्तीत ही सोय नाही. कुस्तीत छातीला छाती लागते, घामात घाम मिसळतो, एकाचे तोंड दुसऱ्याच्या काखेत जाते. मातीत उतरल्यावर शिवाशिव पाळणे कोणत्याही धर्मशास्त्राला शक्य नाही. कुस्तीत अस्पृश्यता पाळता येत नाही, म्हणून ती आखाड्याच्या दारात पाळली जाते. आत येऊच द्यायचे नाही, हा तिथला एकमेव मार्ग.

आणि हे दार साधे दार नव्हते. जुन्या आखाड्यात कोपऱ्यात मारुती असतो. पुष्कळ गावांत आखाडा मारुतीच्या देवळालाच लागून. ज्याला देवळाची पायरी बंद, त्याला मातीही आपोआप बंद. मंदिरप्रवेश आणि आखाडाप्रवेश हे दोन प्रश्न नव्हते. एकाच कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीला अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. त्या मागणीकडे आपण केवळ देवदर्शनाची मागणी म्हणून पाहतो. देवळाभोवती गावाचे जे जे सार्वजनिक होते, पार, विहीर, जत्रा, आखाडा, त्या सगळ्याचीच ती मागणी होती असे मी समजतो.

या दाराचा इतिहास रक्ताने लिहिलेला आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापून आला. ती फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना ती पेशवाईतली जी गोष्ट सांगते ती वाचताना आजही हात थांबतो. तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळ होत असे, असे तिने लिहिले आहे. या मुलीने अन्यायाचे ठिकाण म्हणून तालीमखान्याचे दार दाखवले, हे आमच्या अभ्यासकांनी पुरेसे ध्यानात घेतलेले नाही. आत जाण्याची तर गोष्टच सोडा, पुढून चालत जाणे हाच गुन्हा. बलाची उपासना जिथे होते त्या जागेकडे अस्पृश्याने पाहूही नये, कारण पाहील तर शिकेल, आणि शिकेल तर मान वर करील.

आणि त्याच पुण्यात लहुजी वस्ताद होते. लहुजी राघोजी साळवे, १७९४ ते १८८१. जातीने मांग. पेशवाई बुडाल्यानंतर गंज पेठेत त्यांनी तालीम चालवली. कुस्ती, दांडपट्टा, निशाणबाजी शिकवली. त्यांच्या हाताखाली सर्व जातींची मुले तयार झाली. जोतीराव फुले त्यांच्यापैकीच एक, आणि आपण लहुजींकडे शिकल्याची नोंद जोतीरावांनी आपल्या लेखनात केली आहे. फुल्यांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या तेव्हा मुले गोळा करायला आणि शाळेच्या पाठीशी उभे राहायला हेच लहुजी पुढे होते. क्रम पाहा. तालीमखान्यापुढून चालणाऱ्या मांगाचे शीर कापण्याची गोष्ट ज्या शहरात सांगितली जात होती, त्याच शहरात एक मांग वस्ताद होतो आणि सवर्णांची पोरे त्याच्या पायाशी माती कपाळाला लावतात. बंद दारावर धडका मारीत बसण्यापेक्षा लहुजींनी आपले दार बांधले आणि ते सर्वांना उघडे ठेवले. हा आमच्या परंपरेचा पहिला डाव आहे.

दुसरा प्रयत्न वरून झाला. कोल्हापूरचे शाहू महाराज स्वतः कुस्तीचे जाणकार. रोमचे जुने क्रीडागृह पाहून आल्यावर त्यांनी खासबागचे मैदान उभारले, ते १९१२ साली पुरे झाले. हाच राजा मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांच्या शेजारी उभा राहिला आणि त्याच वर्षी मे महिन्याच्या शेवटी नागपूरच्या अखिल भारतीय बहिष्कृत परिषदेचा अध्यक्ष झाला. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात चहा पिऊन त्याने विटाळाची थट्टा केली. हे ऋण मोठे आहे. पण राजाने उघडलेले दार राजाबरोबर जाते, हेही खरे. शाहू १९२२ साली गेले. खेड्यातल्या आखाड्याचे दार उघडायला खेड्यातल्याच माणसांनी उभे राहायला हवे होते.

ते काम विदर्भात चळवळीने केले. नागपूरच्या महार वस्त्यांत आखाडे होते आणि पहिलवानांना मान होता. वसंत मून यांच्या 'वस्ती' या १९९५ च्या आत्मकथनात ते वातावरण भेटते. आखाडा हा तिथे केवळ शौक नव्हता. महाडला मार्च १९२७ मध्ये पाणी पिऊन परतणाऱ्या आमच्या माणसांवर लाठ्या पडल्या, तेव्हा शरीराचे शिक्षण हा चळवळीचा विषय झाला. समता सैनिक दल त्याच काळात आकाराला आले. जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, तेव्हा समता सैनिक दलाची परिषदही तिथेच भरली. जोर-बैठका काढणारी पोरे सभेच्या मांडवाभोवती उभी राहिली म्हणून कित्येक सभा पार पडल्या. आखाड्यात मिळालेले बळ दुसऱ्याच्या छातीवर बसण्यासाठी न वापरता आपल्या माणसांना निर्भयपणे बोलता यावे म्हणून वापरणे, हा कुस्तीचा अर्थ चळवळीने बदलला.

१९५६ नंतर एक नवीन अडचण उभी राहिली. चौदा ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या. राम-कृष्णांना देव मानणार नाही अशी प्रतिज्ञा घेतल्यावर आखाड्यातल्या मारुतीचे काय करायचे? आमच्या वस्तीतल्या हौद्यावर असलेला शेंदरी दगड तेव्हा हलवला, असे वस्ताद सांगत. पोरांनी तिथे बाबासाहेबांचा फोटो लावला. पण पोरे हौद्यात उतरताना त्या फोटोपुढे तसेच वाकू लागली, तेव्हा वस्तादांनी तोही काढून घरात नेला. म्हणाले, "वाकाचं असंन तं जोर माराले वाका." आता उतरण्यापूर्वी पोरे फक्त माती कपाळाला लावीत आणि समोरच्याच्या हाताला हात लावून सलामी देत. माती बेंबळेची होती आणि हात माणसाचा. मला तरी यापेक्षा स्वच्छ धर्मांतर कुठे पाहायला मिळाले नाही.

आता माझीच एक गोष्ट सांगतो, कारण विषयाला ती आवश्यक आहे. १९७० च्या दशकातली. शेजारच्या एका गावी जत्रेनिमित्त आमदंगल होती. आम्ही तिघे पोरे वस्तादांबरोबर पायी गेलो. तोवर कायद्याने अस्पृश्यता जाऊन वीस वर्षांहून अधिक काळ झाला होता. दारावर कोणी अडवले नाही. जात कोणी विचारली नाही. जोडी लावताना पंचांनी फक्त माझ्याकडे पाहिले, गाव विचारले, वस्ती विचारली आणि म्हणाले, "याची जोड बसत नाही." कधी मी वजनाने कमी होतो, कधी जास्त होतो. माझ्याच चणीची चार पोरे एकामागून एक लढून गेली. दाराचे कुलूप निघाले होते आणि हौद्याच्या काठावर नवे बसले होते. त्याचे नाव 'जोड'.

शेवटी एक मुसलमान वस्ताद आपल्या पोराला घेऊन पुढे आले आणि म्हणाले, माझा पोरगा लढेल. कुस्ती लागली. मी पट मारला, तो सावध होता, त्याने पाय मागे टाकले आणि मी त्याच्या छातीखाली दोन्ही गुडघ्यांवर अडकलो. भोवतालचे लोक टाळ्या पिटून ओरडू लागले, "टेकला! टेकला!" त्यांना कुस्तीचा कायदा ठाऊक नव्हता असे नाही. त्यांच्यातले निम्मे स्वतः मातीत लोळलेले होते. पण आमच्या पोराच्या गुडघ्याकडे पाहताना त्यांना आखाड्याचा कायदा आठवला नाही, गावाचा कायदा आठवला. पुष्कळ वेळ मी तसाच राहिलो. मान वर, कोपरे आत, पाठ त्याच्या हाती लागू द्यायची नाही. त्याला मला उलटवता आले नाही आणि मला त्याला उचलता आले नाही. पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. परतताना मी रडत होतो. वस्ताद एवढेच म्हणाले, "पाठ कोरडी हाय ना तुही? मंग चाल."

मी हरलो नव्हतो हे मला त्या दिवशी पटले नाही. पण या बरोबरीला आमच्या इतिहासात फार मोठी जागा आहे, असे आता वाटते. आमच्या चळवळीचे मोजमाप आपण नेहमी जिंकलेल्या दिवसांनी करतो. पण ज्या हजारो माणसांनी गुडघ्यावर येऊनही पाठ लागू दिली नाही, बहिष्कार सोसला, गाव सोडले नाही, मेलेले ढोर ओढणे सोडले आणि त्यापायी उपास काढले, त्यांची कुस्ती बरोबरीत सुटली म्हणून तर पुढची जोड लागू शकली.

आज कुस्ती मातीवरून गादीवर गेली आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या मातीत वाढलेले खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा गादीची त्यांना सवय नव्हती, तरी ते सहावे आले, आणि १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतले. गादीने गुडघ्याला किंमत लावली आहे. २०१३ पासूनच्या नियमांप्रमाणे समोरच्याला खाली आणून मागून कब्जा घेतला की दोन गुण मिळतात. म्हणजे मातीत ज्याचे काही लागत नव्हते त्याचे आता गुण जातात. पण गादीने एक गोष्ट आमच्या बाजूची केली. वजन काट्यावर होते आणि जोडी सोडतीने लागते. 'याची जोड बसत नाही' असे म्हणायला पंचाला आता काटा खोटा ठरवावा लागेल. लिहिलेला नियम दुबळ्याचा मित्र असतो, हे संविधानाने आम्हाला शिकवले. आखाड्यातही ते खरे आहे. मात्र गादीला पैसा लागतो, छप्पर लागते, प्रशिक्षक लागतो. दार आता तिथे आहे. ते कोणाला उघडे आणि कोणाला बंद, हे पाहणे हे आजच्या कार्यकर्त्याचे काम आहे.

आणि एक कबुली दिली पाहिजे. ज्या वस्तीने मारुतीचा दगड हलवला त्या वस्तीने आपल्या मुलींना हौद्यात उतरू दिले नाही. आमच्या आया जन्मभर निंदणाला बसून तासातासाने पुढे सरकल्या. गुडघ्यावरचे बळ त्यांच्याइतके कोणाजवळ होते? आम्ही सवर्णांच्या दाराबद्दल बोललो आणि आपल्या दाराबद्दल गप्प राहिलो. स्त्रियांची कुस्ती ऑलिम्पिकमध्ये २००४ ला आली, २०१६ ला साक्षी मलिकने पदक आणले. आमच्या वस्तीत ते व्हायला कोणाची परवानगी नको होती, फक्त आमची हवी होती.

आमचा हौदा आज नाही. जागेवर सिमेंटचा ओटा झाला आहे. वस्ताद गेले, त्यांचे नाव कोणत्याही कागदावर नाही. लहुजींसारख्या वस्तादाची ओळखसुद्धा आपल्याला फुल्यांच्या लेखणीमुळे पटते, आणि तालीमखान्याच्या दाराची हकिकत एका शाळकरी मुलीने लिहिली म्हणून कळते. जे लिहिले गेले नाही ते झालेच नाही असे म्हणणारे लोक पुष्कळ आहेत. म्हणून माझी विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना विनंती आहे. आपापल्या गावातल्या वस्तीत आखाडा कुठे होता, माती कोठून आणली, कोणाशी जोड लागली आणि कोणी नाकारली, देव कधी हलवला, हे ऐंशी-नव्वदीच्या म्हाताऱ्यांना आजच विचारा. त्यांचे कान पाहा, फुटलेले असतील. गुडघे पाहा, घट्टे पडलेले असतील. ते गुडघे टेकलेले आहेत. त्यांची पाठ मात्र कोरडी आहे, आणि ती आपण लिहून ठेवली पाहिजे.